बहुतेकांना कारण ठाऊक नव्हते : इफिसच्या संतप्त जमावाचा उतारा कसा वाचावा

बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील २३ ते ४१ ही वचने म्हणजे इफिस शहरात उसळलेल्या दंगलीचा वृत्तान्त आहे. सोनार चिडतात, शहरभर गोंधळ माजतो, नाटकगृह भरून जाते, दोन तास एकच घोषणा चालते आणि शेवटी नगराचा एक अधिकारी सगळ्यांना घरी पाठवतो. गोष्ट सरळ वाटते आणि म्हणूनच ती घाईने वाचली जाते. येशूचा प्रेषित पौल बरोबर होता, जमाव चुकीचा होता आणि देवाने आपल्या सेवकाला वाचवले, एवढे मनाशी ठरवून वाचक विसाव्या अध्यायाकडे वळतो. मीही अनेक वर्षे हा उतारा असाच वाचत आलो. पुढे एकदा अभ्यासवर्गासाठी तयारी करताना ३२ व्या वचनापाशी थबकलो आणि तेव्हापासून माझी वाचण्याची रीत बदलली. जमलेल्यांपैकी बहुतेकांना आपण कशासाठी जमलो आहोत हेच ठाऊक नव्हते, असे या पुस्तकाचा लेखक लूक तेथे लिहितो. हे वाक्य म्हणजे जाता जाता केलेली टिप्पणी नसून सबंध उताऱ्याची किल्ली आहे, असे माझे मत आहे. या किल्लीने उतारा कसा उघडावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिले वाचन : कोण बोलतो आणि कोण बोलत नाही

सुरुवातीला कोणतेही भाष्य किंवा तळटीप न पाहता ही एकोणीस वचने सलग, शक्य असल्यास मोठ्याने वाचावीत. हातात पेन्सिल ठेवून प्रत्येक बोलणाऱ्याच्या नावाखाली रेघ ओढावी. थोड्याच वेळात लक्षात येते की येथे खऱ्या अर्थाने बोलणारे तिघेच आहेत. देमेत्रिय नावाचा सोनार आरंभी भाषण करतो, नगराचा लेखनिक अखेरीस भाषण करतो आणि मधल्या भागात जमाव ओरडतो. आलेक्सांद्र नावाचा मनुष्य हाताने खुणावून बोलू पाहतो, पण त्याचा एकही शब्द आपल्यापर्यंत पोहोचत नाही. गायस आणि अरिस्तार्ख हे पौलाचे मासेदोनियाहून आलेले सोबती फरफटत नेले जातात, पण तेही काही बोलत नाहीत.

पौलाचे मौन तर फारच ठळक आहे. या पुस्तकात जागोजागी भाषणे करणारा पौल येथे लोकांपुढे जाऊ इच्छितो, परंतु शिष्य त्याला जाऊ देत नाहीत आणि आशिया प्रांतातील काही मानकरी अधिकारी, जे त्याचे मित्र होते, तेही निरोप पाठवून त्याला नाटकगृहात न जाण्याची विनंती करतात. विषय तो स्वतः आहे, पण मंचावर तो नाही. आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. या एकोणीस वचनांत लूक प्रभू येशूचे नाव घेत नाही, पवित्र आत्म्याचा उल्लेख करत नाही आणि देवाने अमुक केले असेही कोठे म्हणत नाही. तुरुंगाची दारे उघडणारा देवदूत नाही, भूकंप नाही. ज्याला ‘देवाने वाचवले’ असे म्हणायचे असेल त्याने ते अवश्य म्हणावे, पण ते आपण म्हणतो आहोत, लूक नव्हे, याचे भान ठेवावे.

दंगलीच्या आधीचे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये

उतारा २३ व्या वचनापासून सुरू होत असला तरी त्याची मुळे त्याच अध्यायाच्या ८ व्या वचनापर्यंत मागे जातात. पौल तीन महिने यहूद्यांच्या सभास्थानात बोलला, विरोध झाल्यावर तेथून बाहेर पडला आणि तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज वादसंवाद करत राहिला. हा काळ सामान्यतः इ. स. ५२ ते ५५ च्या आसपासचा मानला जातो. येथे ‘आशिया’ म्हणजे आजचे खंड नव्हे, तर आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील रोमन प्रांत, हे नव्या वाचकाने आधीच टिपून ठेवावे, म्हणजे ‘सर्व आशियात’ असे शब्द आले की गोंधळ होणार नाही.

१९ व्या वचनात जादूटोणा करणाऱ्या पुष्कळ लोकांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली आणि त्यांची किंमत पन्नास हजार रुपेरी नाणी भरली, असे सांगितले आहे. नाणे ‘द्राख्मा’ धरले, तर एक द्राख्मा ही मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे पन्नास हजार दिवसांची मजुरी एका ठिकाणी राख झाली. लूकने हा आकडा दंगलीच्या चारच वचने आधी दिला आहे. नव्या मार्गाचा, म्हणजे येशूवरील विश्वासाचा, परिणाम बाजारावर होऊ लागला आहे, हे वाचकाच्या मनावर ठसल्यानंतरच तो आपल्याला देमेत्रियाच्या कारखान्यात नेतो.

२१ आणि २२ ही वचनेही वगळू नयेत. मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतून यरुशलेमला आणि नंतर रोमला जाण्याचे पौलाने दंगलीच्या आधीच ठरवले होते. त्यामुळे ‘जमावाने पौलाला इफिसमधून पळवून लावले’ हे वाक्य वारंवार कानी पडत असले तरी ते उताऱ्याला धरून नाही. २० व्या अध्यायाच्या आरंभी तो शिष्यांना बोलावून, त्यांना धीर देऊन, निरोप घेऊन निघतो.

शहर डोळ्यांपुढे आणावे, पण बेताने

पार्श्वभूमीची माहिती गोळा करणे हा अनेकांचा आवडता छंद असतो आणि त्या नादात मूळ उतारा मागे पडतो. म्हणून कामापुरतीच माहिती घ्यावी. इफिस हे आशिया प्रांतातील अग्रगण्य बंदर-शहर होते आणि त्याचे अवशेष आज तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ आहेत. शहराच्या तटाबाहेर असलेले शहराची देवी अर्तमी हिचे मंदिर प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणले जाई. रोमन लेखक प्लिनी त्याला १२७ खांब असल्याचे सांगतो. हे केवळ पूजास्थान नव्हते, तर दूरदूरचे लोक तेथे आपला पैसा सुरक्षित म्हणून ठेवत असत. म्हणजे देवी, शहराची प्रतिष्ठा आणि संपत्ती या तीन गोष्टी तेथे एकाच छपराखाली होत्या. आजच्या वाचकाला धर्म एका खान्यात आणि व्यवहार दुसऱ्या खान्यात ठेवण्याची सवय असेल, तर ती येथे बाजूला ठेवावी लागते.

ज्या नाटकगृहात लोक घुसले, त्याचे दगडी अवशेष अजून उभे आहेत आणि पूर्ण बांधून झाल्यावर त्यात सुमारे चोवीस-पंचवीस हजार माणसे बसू शकत असावीत, असा अंदाज केला जातो. पौलाच्या काळी त्याचे विस्तारकाम चालू असल्याने हा आकडा त्या दिवसाच्या गर्दीला जसाच्या तसा लावू नये. नाटकगृह हे केवळ करमणुकीचे ठिकाण नव्हते, नागरिकांची अधिकृत सभाही तेथे भरत असे. त्यामुळे लोक तेथे धावले ते केवळ मोकळी जागा दिसली म्हणून नव्हे. शहराचे निर्णय जेथे होतात, तेथे ते गेले.

या जागेचा आणि देवीचा संबंध एका शिलालेखातून विशेष स्पष्ट होतो. इ. स. १०४ मध्ये, म्हणजे पौलानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, गायस विबियस सालुतारिस नावाच्या धनिकाने अर्तमीच्या आणि इतर मौल्यवान मूर्ती अर्पण केल्या आणि त्या मंदिरातून मिरवत आणून सभेच्या वेळी नाटकगृहात मांडाव्यात, अशी व्यवस्था लावून दिली. हा लेख एकोणिसाव्या शतकात जॉन टर्टल वुड या इंग्रज वास्तुतज्ज्ञाला नाटकगृहात सापडला आणि मिरवणुकीच्या वाटेचा माग काढत त्याने १८६९ मध्ये जमिनीत गडप झालेल्या मंदिराचा पत्ता लावला. रुप्याची अर्तमी आणि नाटकगृहातील सभा यांचे नाते त्या शहरात किती सहज होते, हे या लेखावरून कळते. तथापि लेख नंतरचा आहे, हे विसरून तो पौलाच्या काळावर लादू नये.

देमेत्रियाचे भाषण : कारणांचा क्रम मोजावा

आता मुख्य काम. २४ ते २७ ही वचने पुन्हा वाचावीत आणि देमेत्रिय कोणकोणती कारणे देतो ती त्याच्याच क्रमाने एका कागदावर लिहून काढावीत. तो अर्तमीचे रुप्याचे छोटे देव्हारे बनवून घेणारा मनुष्य आहे, आणि तो सर्वांना नव्हे तर या धंद्यातल्या कारागिरांनाच एकत्र करतो. त्याचे पहिले वाक्य असे की या धंद्यात आपली भरभराट आहे, हे तुम्ही जाणता. त्यानंतर तो पौलाचा उल्लेख करतो : हाताने केलेले देव हे देवच नव्हेत असे सांगून या पौलाने इफिसमध्येच नव्हे, तर जवळजवळ सबंध आशियात पुष्कळ लोकांची मने वळवली आहेत. मग तो धोका सांगतो. आधी आपल्या धंद्याची बदनामी होईल, मग थोर देवी अर्तमी हिच्या मंदिराला कोणी विचारणार नाही, आणि जिला सारी आशिया व सारे जग पूजते तिचे वैभव नष्ट होईल.

क्रम लक्षात घ्यावा : भरभराट, धंद्याचे नाव, मंदिर, देवी, सारे जग. प्रत्येक पायरीला हेतू अधिक उदात्त आणि व्याप्ती अधिक मोठी होत जाते. आणि लगेच २८ व्या वचनात कारागीर संतापाने ओरडू लागतात, ते काय? ‘इफिसकरांची अर्तमी थोर!’ घोषणेत भरभराट नाही, धंदा नाही, देव्हारे नाहीत, पौलही नाही. भाषण ज्या शब्दाने सुरू झाले तो शब्द घोषणेपर्यंत येता येता गळून पडला. आपला नफा घटेल अशी घोषणा देऊन शहर उठत नाही, हे देमेत्रियाला ठाऊक असो वा नसो, जमावाचे शास्त्र असेच चालते.

मूळ ग्रीक शब्दयोजनेत लूकने एक बारीक खूण ठेवली आहे. २३ व्या वचनात तो म्हणतो की त्या मार्गाविषयी ‘थोडीथोडकी नव्हे’ अशी खळबळ उडाली, आणि पुढच्याच वचनात म्हणतो की देमेत्रिय कारागिरांना ‘थोडाथोडका नव्हे’ असा धंदा मिळवून देत असे. दोन्ही ठिकाणी शब्द तेच आहेत. जेवढा धंदा तेवढी खळबळ, हे भाष्य लूक उघडपणे करत नाही, शेजारी शेजारी शब्द ठेवून वाचकावर सोपवतो. अनेक भाषांतरांत एकीकडे ‘मोठी’ आणि दुसरीकडे ‘बराच’ असे वेगळे शब्द येतात आणि हा दुवा तुटतो. म्हणून दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवून वाचण्याचा उपयोग होतो.

येथेच १६ व्या अध्यायातील १६ ते २१ ही वचने उघडून तुलना करावी. फिलिप्पै शहरात एका दासीच्या भविष्यकथनावर तिच्या धन्यांना मोठी मिळकत होत असे. पौलाने तिच्यातील आत्मा घालवल्यावर धन्यांनी पाहिले की मिळकतीची आशा संपली, आणि त्यांनी पौल व त्याचा सोबती सीला यांना धरून अधिकाऱ्यांपुढे ओढत नेले. पण तेथे आरोप काय ठेवला? हे यहूदी आहेत, शहरात गोंधळ माजवत आहेत आणि रोमन लोकांना न शोभणाऱ्या चालीरीती शिकवत आहेत. मिळकतीचा उल्लेखच नाही. ज्या ग्रीक शब्दाने तेथे मिळकत सांगितली आहे त्याच शब्दाने येथे देमेत्रियाचा धंदा सांगितला आहे. दोन शहरांत लूक एकच गोष्ट दोनदा दाखवतो : मनातले कारण आणि तोंडावरचे कारण यांच्यात पडलेले अंतर.

तरीही एक सावधगिरी बाळगावी, असे मला वाटते. देमेत्रियाला निव्वळ ढोंगी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण उतारा तेवढे सांगत नाही. ज्या शहरात मंदिर हीच पेढी होती आणि देवीचे नाव हीच शहराची ओळख होती, तेथे पोट आणि भक्ती यांची गाठ इतकी घट्ट बसलेली असेल की त्यातले कोणते आधी आले, हे देमेत्रियालाही सांगता आले नसते. त्याची भीतीही निराधार नव्हती. पौलाच्या शिकवणुकीचा परिणाम होत होता, आणि तो त्याने अचूक ओळखला होता.

जमाव : एकदिलाने धावलेले, पण कारण न जाणणारे

२९ ते ३४ या वचनांत गती एकदम वाढते. सबंध शहर गोंधळाने भरून जाते. कारागिरांची बैठक शहराचा जमाव केव्हा झाली? प्रचलित पाठात याचे उत्तर नाही, पण बेझा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन हस्तलिखितात २८ व्या वचनात ते ‘रस्त्यावर धावत जाऊन’ ओरडू लागले, असे शब्द अधिक आहेत. मूळ लेखनात ते नसावेत, पण प्राचीन काळच्या कोणा वाचकालाही हाच प्रश्न पडला होता, हे त्यावरून दिसते.

यानंतर दोन शब्दांकडे लक्ष द्यावे, कारण माझ्या दृष्टीने सबंध उताऱ्याची धार येथे आहे. २९ व्या वचनात लोक ‘एकदिलाने’ नाटकगृहात धावले. हाच ग्रीक शब्द पहिल्या अध्यायाच्या १४ व्या वचनात माडीवर प्रार्थनेत तत्पर असलेल्या शिष्यांसाठी आणि दुसऱ्या अध्यायाच्या ४६ व्या वचनात दररोज मंदिरात जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी आला आहे. आणि तोच शब्द सातव्या अध्यायाच्या ५७ व्या वचनात स्तेफन या शिष्याला ठार मारण्यासाठी त्याच्यावर धावून जाणाऱ्यांसाठीही आला आहे. दुसरा शब्द ‘एक्लेसिया’. नव्या करारात जेथे जेथे आपण ‘मंडळी’, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, असे वाचतो तेथे बहुतेक ठिकाणी मुळात हा शब्द असतो. या उताऱ्यात तो तीनदा येतो, ३२, ३९ आणि ४१ या वचनांत, आणि तीनही वेळा त्याचा अर्थ नागरिकांची सभा असा आहे. भाषांतरकारांनी तेथे ‘सभा’ किंवा ‘समुदाय’ असे शब्द वापरले ते योग्यच आहे, पण त्यामुळे मराठी वाचकाच्या कानाला ती टोचणी लागत नाही. ग्रीक ऐकणाऱ्या पहिल्या श्रोत्यांनी मात्र ‘एक्लेसियेत गोंधळ माजला होता आणि बहुतेकांना आपण का जमलो हे ठाऊक नव्हते’ असे ऐकले असेल, आणि त्यांच्यातील काही जण तरी आपल्याच बैठकीकडे चोरून पाहून हसले असतील.

म्हणजे लूकने जमावाला मंडळीचेच शब्द दिले : एकदिल आणि एक्लेसिया. एकत्र असणे, एका आवाजात बोलणे, भावना उचंबळून येणे ही सारी लक्षणे दोन्हीकडे आहेत. उणीव एकाच गोष्टीची आहे. येथे कोणी एक ओरडत होता, कोणी दुसरेच ओरडत होता आणि बहुतेकांना कारण माहीत नव्हते. एकमताला कारणाचे ज्ञान लागतेच असे नाही, हे या वचनाइतक्या थोडक्या शब्दांत मी अन्यत्र क्वचितच वाचले आहे.

‘गोंधळ’ या शब्दालाही इतिहास आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायात, जेथे लोकांच्या भाषेचा गोंधळ झाला त्या बाबेल या नावाचे भाषांतर ज्या शब्दाने केले आहे, तोच शब्द लूकने २९ व्या वचनात इफिससाठी वापरला आहे. लूकने तो मुद्दाम निवडला असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण ग्रीक शास्त्र वाचणाऱ्याला तेथे बाबेल आठवावे, हे स्वाभाविक आहे.

आलेक्सांद्राचा प्रसंग अनेकांना अनावश्यक वाटतो. यहूद्यांनी त्याला पुढे केले, त्याने हात हालवून बचावाचे भाषण करू पाहिले, आणि तो यहूदी आहे हे कळताच सर्वांनी एका सुरात सुमारे दोन तास घोषणा चालू ठेवली. तो पौलाच्या बाजूने बोलणार होता की आमचा आणि पौलाचा संबंध नाही असे सांगणार होता, हे उताऱ्यात नाही. दुसरी शक्यता मला अधिक पटते, कारण यहूदीही हाताने घडवलेल्या मूर्तींना देव मानत नसत आणि पौलावरचा राग आपल्यावर उलटेल, अशी भीती त्यांना वाटणे साहजिक होते. पण महत्त्वाचे हे की ३२ व्या वचनात विस्कळीत असलेला जमाव ३४ व्या वचनात एका सुरात आला, आणि तो एका सुरात आला तो कारण समजल्यामुळे नव्हे, तर समोर एक परका दिसल्यामुळे. येथे यहूदी मनुष्य जमावाचे लक्ष्य आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये काही जमाव यहूद्यांनी भडकवलेले आहेत म्हणून सबंध समाजाला दोष देण्याची जी वाईट सवय वाचकांच्या पिढ्यांना लागली, तिला हे वचन चांगले औषध आहे.

गटाने अभ्यास करत असाल तर एक प्रयोग करून पाहावा. सर्वांनी मिळून एकच वाक्य फक्त दोन मिनिटे मोठ्याने म्हणावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात हसू येते, मग कंटाळा येतो, आणि शेवटी त्या शब्दांचा अर्थ नाहीसा होऊन नुसता आवाज उरतो. मग दोन तास म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

लेखनिकाचे भाषण : जमाव कसा ओसरतो

३५ ते ४० या वचनांतील वक्ता नगराचा लेखनिक आहे. नावावरून तो कारकून वाटेल, परंतु हे पद स्थानिक कारभारातील सर्वोच्च पदांपैकी एक होते आणि रोमन सत्तेपुढे शहराच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी अशाच माणसांवर येई. देमेत्रियाच्या भाषणाप्रमाणे याच्याही भाषणाचे मुद्दे क्रमाने लिहून काढावेत. आधी तो जमावाला जे प्रिय आहे ते मान्य करतो : इफिस हे अर्तमीच्या मंदिराचे आणि आकाशातून पडलेल्या मूर्तीचे रक्षक आहे, हे कोणाला ठाऊक नाही? मग त्या मान्यतेतूनच निष्कर्ष काढतो की जे निर्विवाद आहे त्यासाठी आरडाओरड करण्याचे कारणच नाही. ‘आकाशातून पडलेली’ या शब्दांत पौलाच्या ‘हाताने केलेले’ या आक्षेपाला गुपचूप उत्तरही आहे. त्यानंतर तो वस्तुस्थिती सांगतो की ज्यांना तुम्ही धरून आणले त्यांनी मंदिर लुटलेले नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. मग मार्ग दाखवतो की देमेत्रियाची तक्रार असेल तर न्यायालये आहेत, राज्यपाल आहेत, आणि त्याहून अधिक काही हवे असेल तर कायदेशीर सभा आहे.

लक्षात घ्या, गर्दीत हरवलेले नाव तो पुन्हा उच्चारतो : देमेत्रिय आणि त्याच्याबरोबरचे कारागीर. दोन तास देवीच्या नावाखाली झाकलेला मूळ वाद तो एका वाक्यात जागेवर आणतो, आणि हजारो लोकांना कळते की हे भांडण आपले नव्हतेच. शेवटी ४० व्या वचनात तो म्हणतो की आजच्या दंग्याबद्दल आपल्यावर आरोप येण्याचा धोका आहे, कारण या जमावाचे काही कारण आपल्याला देता येणार नाही. ३२ आणि ४० ही वचने येथे एकमेकांना भेटतात. तेथे कारण ठाऊक नव्हते, येथे कारण देता येत नाही. पहिले लूकचे निरीक्षण आहे, दुसरी अधिकाऱ्याची कबुली.

हा मनुष्य विश्वासणारा नाही. तो देवीचा अभिमानी आहे, आणि त्याला पौलापेक्षा शहराच्या हक्कांची काळजी अधिक आहे. तरी लूक त्याला उताऱ्यातील सर्वांत लांब आणि सर्वांत शहाणे भाषण देतो. ३७ व्या वचनातील त्याची साक्षही विचार करण्यासारखी आहे : पौलाची शिकवण मूर्तींच्या विरोधात होती, पण तीन वर्षांच्या वास्तव्यात त्याच्या सोबत्यांवर देवीच्या निंदेचा आरोप ठेवता येत नव्हता. मतभेद आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या शहराच्या अधिकाऱ्याने ओळखले होते.

काही ठिकाणी पाय घसरतो

पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात इफिसमध्ये श्वापदांशी लढण्याचा उल्लेख केला आहे, आणि तो याच नाटकगृहाशी जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. या उताऱ्यात पौल नाटकगृहात गेलेलाच नाही, आणि ते पत्र इफिसमध्ये असतानाच लिहिलेले असल्याचे त्याच्या १६ व्या अध्यायातून दिसते. दुसऱ्या पत्राच्या आरंभी आशियातील जिवावरच्या संकटाचा उल्लेख आहे. तोही दुसऱ्या एखाद्या प्रसंगाचा असू शकतो. तसेच लेखनिक ‘राज्यपाल’ हा शब्द अनेकवचनात वापरतो, त्यावरून इ. स. ५४ मध्ये मार्कुस जुनियुस सिलानुस या राज्यपालाच्या खुनानंतरच्या काळाशी काही अभ्यासक संबंध जोडतात. कल्पना चातुर्याची आहे, पण त्यावर अर्थाचा डोलारा उभारू नये.

स्वतःला कोठे उभे करायचे, हा प्रश्न याहून नाजूक आहे. वाचक सहसा पौलाच्या बाजूला उभा राहतो. एकदा देमेत्रियाच्या जागी उभे राहून, एकदा लेखनिकाच्या जागी आणि एकदा नाटकगृहाच्या वरच्या ओळीत, जेथून खाली काय चालले आहे हे दिसतही नाही, तेथे बसून उतारा पुन्हा वाचावा. शेवटची जागा बहुधा आपल्याला सर्वांत परिचित निघते.

शेवटी हा जमाव इतर जमावांशेजारी ठेवावा

लूककृत शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात नासरेथचे लोक संतापाने भरून येशूला कड्यावरून ढकलू पाहतात. तेथे संतापासाठी वापरलेला शब्द आणि इफिसच्या २८ व्या वचनातील शब्द एकच आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील १४ व्या अध्यायात लुस्त्र येथील लोक आधी पौलाचा सोबती बर्णबा आणि पौल यांना देव मानून त्यांच्यापुढे बळी द्यायला निघतात आणि थोड्याच वेळात पौलाला दगडमार करतात. १७ व्या अध्यायात थेस्सलनीकात बाजारातले रिकामटेकडे गोळा करून जमाव तयार केला जातो. प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न विचारावेत : सुरुवात कोणी केली, मनातले कारण कोणते होते, आणि ओरडण्यात कोणते कारण आले?

सर्वांत फळ देणारी तुलना मात्र २१ व्या अध्यायाशी आहे, आणि ती करायला विसरू नये. यरुशलेमच्या मंदिरात पौलाविरुद्ध आरोळी उठवणारे लोक आशियातून आलेले आहेत. त्यांनी त्रफिम या यहूदी नसलेल्या इफिसकराला शहरात पौलाबरोबर पाहिले होते आणि त्यावरून पौलाने त्याला मंदिरात आणले असे गृहीत धरले. म्हणजे पुन्हा चुकीचे कारण. सबंध शहर खवळते, आणि ३४ व्या वचनात लूक जवळजवळ इफिसचेच वाक्य पुन्हा लिहितो : जमावातून कोणी एक ओरडत होता, कोणी दुसरेच. इफिसला ज्याला बोलू दिले नाही तो पौल या वेळी जिन्यावर उभा राहून हाताने खुणावतो, आणि लोक ऐकतात, पण अर्ध्यापर्यंतच. रोमन सरदार गोंधळामुळे खरे काय ते समजू शकत नाही, मग २२ व्या अध्यायाच्या २४ व्या वचनात तो फटके मारून कारण काढून घेण्याची आज्ञा देतो, ती मागे घ्यावी लागते, आणि ३० व्या वचनात, दुसऱ्या दिवशी, यहूद्यांचा आरोप नक्की कशाबद्दल आहे हे जाणून घेण्यासाठी तो पौलाचे बंध सोडून त्याला न्यायसभेपुढे उभे करतो.